वाळूज–शेंद्रा मेट्रो: लाइन कुठून न्यायची हे ठरतं तरी कसं?

छत्रपती संभाजीनगरात कोणालाही विचारा, "शहरात मेट्रो हवी का?" दहापैकी नऊ जण हो म्हणतील. पुढचा प्रश्न विचारा, "कुठून कुठे?" आणि मग बघा गंमत. वाळूजवाला म्हणतो, आधी कंपन्या. बीड बायपासवाला म्हणतो, आमच्याकडे एवढ्या सोसायट्या झाल्या, त्यांचं काय? हर्सूल, टीव्ही सेंटर, हडकोवाले म्हणतात, दर वेळी सगळं जालना रोडलाच का? आणि एक आवाज नक्की येतो, "आधी नळाला वेळेवर पाणी द्या, मग मेट्रोचं बोला."

हे भांडण फालतू नाही. बस रूट चुकला तर पुढच्या महिन्यात बदलता येतो. मेट्रोचा खांब एकदा उभा राहिला की तो तुमच्या नातवंडांनाही तिथेच दिसणार. म्हणून लाइन कुठून न्यायची हे ठरवायची पद्धत काय असते, त्यात कोणते आकडे वापरतात आणि ते आकडे आपल्या शहराला लावले तर काय दिसतं, हे या लेखात बघू.

कागदावर काय आहे?

सगळ्यात जास्त चर्चा झालेला मार्ग म्हणजे वाळूज ते शेंद्रा. पश्चिमेला वाळूज एमआयडीसी, पूर्वेला शेंद्रा एमआयडीसी आणि ऑरिक, मध्ये अख्खा जालना रोड. लांबी साधारण २८ किलोमीटर. डॉ. भागवत कराड केंद्रात अर्थ राज्यमंत्री असताना त्यांनी हा विषय लावून धरला आणि आराखड्याचं काम महामेट्रोकडे गेलं. पुणे आणि नागपूर मेट्रो चालवणारी हीच कंपनी. कल्पना अशी, की जालना रोडवर डबल डेकर पूल करायचा: खाली आत्ताचा रस्ता, मधल्या मजल्यावर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. बांधकाम अजून सुरू झालेलं नाही.

एक शब्द इथेच क्लिअर करून घेऊ. इंग्रजी सिनेमात 'सबवे' म्हटलं की जमिनीखालची रेल्वे. आपल्याकडे सबवे म्हणजे रस्ता ओलांडायचा भुयारी मार्ग. मेट्रो जमिनीखालून जाऊ शकते, खांबांवरून जाऊ शकते, जमिनीवरूनही जाऊ शकते. महाराष्ट्रात बहुतेक मेट्रो खांबांवरच आहे, कारण सरळ आहे: पैसा.

हा फरक किती, ते पुण्याच्या मंजूर झालेल्या मार्गांवरून काढता येतं. स्वारगेट ते कात्रज हा भुयारी मार्ग ५.४६ किलोमीटर आणि २०२४ मध्ये मंजूर झालेला खर्च २,९५४ कोटी. म्हणजे किलोमीटरला साधारण ५४० कोटी. वनाझ ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली हे खांबांवरचे दोन तुकडे मिळून १२.७५ किलोमीटर, खर्च ३,६२६ कोटी. किलोमीटरला साधारण २८५ कोटी. थोडक्यात, जमिनीखाली गेलात की बिल जवळपास दुप्पट. हाच २८५ चा दर २८ किलोमीटरला लावला तर आकडा आठ हजार कोटींच्या घरात जातो. हा आपला ढोबळ गुणाकार आहे, सरकारी अंदाज नाही. पण बोलणं कोणत्या रकमेचं चाललंय हे त्यावरून कळतं.

सगळा खेळ एका आकड्याचा: पीएचपीडीटी

नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. दिवसातल्या सगळ्यात गर्दीच्या एका तासात, एका दिशेने, लाइनवरच्या एका ठिकाणाहून किती लोक पुढे जातात? तो आकडा म्हणजे पीएचपीडीटी. समजा सकाळी ९ ते १० मध्ये क्रांती चौकातून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये मिळून ५,००० लोक बसले आणि उभे होते, तर तिथला पीएचपीडीटी ५,०००.

दिवसभराची एकूण संख्या का नाही घेत? कारण गाड्या किती लागतील, किती डब्यांच्या आणि किती मिनिटांनी, हे गर्दीचा तास ठरवतो. दुपारी दोनला रिकाम्या धावणाऱ्या गाडीवरून कोणी डिझाइन करत नाही.

आता वेगवेगळ्या साधनांची ताकद बघा. साध्या सिटी बसमध्ये ६० माणसं धरा. दर दोन मिनिटांनी बस सोडली तर तासाला ३० फेऱ्या, म्हणजे १,८०० लोक. पुण्यासारखी तीन डब्यांची मेट्रो साधारण ९५० लोक नेते. दर पाच मिनिटांनी सोडली तर १२ फेऱ्या, म्हणजे ११,४०० लोक. गाड्या वाढवल्या, डबे वाढवले की हा आकडा खूप वर जातो.

मधली मोठी जागा भरायला केंद्र सरकारने दोन स्वस्त प्रकार आणले. पहिला मेट्रोलाइट, साधारण २,००० ते १५,००० पीएचपीडीटीसाठी. दुसरा मेट्रो निओ, ८,००० पर्यंत. निओ म्हणजे रुळांवरची रेल्वे नाहीच. वरच्या तारेवर चालणारी, रबरी टायरची, जोडडब्यांची लांब इलेक्ट्रिक बस, पण तिच्यासाठी वेगळा मार्ग राखलेला. एका गाडीत २०० माणसं आणि दर दीड मिनिटाला एक गाडी असा हिशोब केला की बरोबर ८,००० येतात. नाशिकला हीच निओ करायचं ठरलं होतं. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये तिचं नाव आलं, प्रकल्प सुमारे २,१०० कोटींचा आणि तीसेक किलोमीटरचा. किलोमीटरला सत्तर कोटींच्या आसपास! एवढं स्वस्त असूनही नाशिकमध्ये आज निओ धावत नाही, हेही लक्षात ठेवा.

तेव्हा पहिला खरा प्रश्न "मेट्रो कोणत्या भागाला?" हा नाही. "कोणत्या रस्त्यावर, गर्दीच्या तासात, एका दिशेने किती माणसं?" हा आहे. त्याचं उत्तर तीन हजार आलं तर चांगली बस पुरते. सात-आठ हजार आलं तर निओ. त्याच्या बरंच वर गेलं तर मग रुळांवरची मेट्रो.

हा आकडा काढतात कसा?

वाहतूक तज्ज्ञ शहराचे छोटे छोटे तुकडे पाडतात आणि चार प्रश्न विचारतात. प्रत्येक तुकड्यातून रोज किती प्रवास निघतात? ते कुठे जातात? कशाने जातात? आणि कोणत्या रस्त्याने? पहिल्या दोन प्रश्नांसाठी घरोघरी सर्व्हे, चौकाचौकात गाड्यांची मोजणी, बसच्या तिकीट मशीनचा डेटा असं सगळं लागतं. हल्ली मोबाइल टॉवरच्या नाव काढून टाकलेल्या डेटावरूनही लोकांच्या हालचालीचा अंदाज घेतात. या सगळ्यातून एक भला मोठा तक्ता तयार होतो: मुकुंदवाडीतून वाळूजला इतके, सिडकोतून क्रांती चौकाला इतके, साताऱ्यातून स्टेशनला इतके.

खरी मेख तिसऱ्या प्रश्नात आहे. आपलं शहर टू-व्हीलरचं. घरात एक तरी गाडी असतेच. मग माणूस गाडी सोडून मेट्रोत का बसेल?

एक उदाहरण करून बघू, आकडे आपण धरलेले आहेत. सिडको बसस्टँडजवळ राहणारा एक जण वाळूजच्या कंपनीत जातो, अंतर १७ किलोमीटर. बाइकवर ट्रॅफिक धरून ४५ मिनिटं. मेट्रोने गेला तर घरापासून स्टेशन चालत ८ मिनिटं, गाडीची वाट ४ मिनिटं, प्रवास साधारण ३२ मिनिटं, आणि वाळूजला उतरल्यावर कंपनीच्या गेटपर्यंत शेअर रिक्षाने १५ मिनिटं. एकूण ५९. शिवाय मॉडेलमध्ये चालण्याची आणि थांबण्याची मिनिटं जवळपास दुप्पट वजनाची धरतात, कारण उन्हात उभं राहिलेलं एक मिनिट आणि एसीत बसलेलं एक मिनिट माणसाला सारखं वाटत नाही. मे महिन्यात दुपारी शेअर रिक्षाची वाट बघितली असेल तर हे वेगळं सांगायला नको.

खर्चाचं काय? बाइक ५० चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर १७ किलोमीटरला पस्तीसेक रुपयांचं पेट्रोल. पुणे मेट्रोचं तिकीट १० ते ३५ रुपये आहे. इथेही तसंच ठेवलं तर फरक फार नाही, आणि वरून रिक्षाचे पैसे. म्हणजे हा माणूस बाइक सोडेलच असं नाही. हेच उदाहरण मुकुंदवाडी ते क्रांती चौक असं करा. दोन्ही टोकांना चालत पोचता येतं, पार्किंगची कटकट वाचते, आणि मेट्रो सरळ जिंकते. आणि ज्याच्याकडे गाडीच नाही, म्हणजे कॉलेजची मुलं, घरकाम करणाऱ्या बायका, गावाहून आलेला पेशंट, त्याच्यासाठी तर तुलना बाइकशी नसतेच. ती रिक्षाच्या भाड्याशी असते.

वाळूजचं टोक: गर्दी आहे, पण कोणती?

वाळूजला मेट्रो हवी यामागचा युक्तिवाद तगडा आहे. बजाजचा कारखाना ऐंशीच्या दशकात आला आणि त्याच्यामागे शेकडो छोट्या-मोठ्या कंपन्या. रोजगार तिथे आहे. पण तीन गोष्टी बघाव्या लागतात.

एक, कामगार राहतो कुठे? बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, जोगेश्वरी ही सगळी वस्ती कारखान्यांना लागूनच वाढली. त्यातले बरेच जण चालत, सायकलवर किंवा बाइकवर दहा मिनिटांत कंपनीत पोचतात. ते रोज शहरात येत नाहीत. वाळूजची लोकसंख्या म्हणजे मेट्रोचे प्रवासी असं समीकरण लागत नाही.

दोन, शिफ्ट. सकाळची शिफ्ट सातला सुरू होणार असेल तर पहिली गाडी सहाच्या आधी सुटायला हवी, आणि रात्री अकरा-साडेअकराला सुटणाऱ्यांना परतीची गाडी हवी. आपल्याकडच्या मेट्रो साधारण सकाळी सहा ते रात्री दहा-अकरा चालतात, कारण रात्रीचे चार-पाच तास रुळांची आणि तारांची देखभाल असते. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या बस आहेतच, त्या घराजवळच्या चौकातून थेट गेटच्या आत सोडतात. त्यांना हरवणं सोपं नाही.

तीन, एमआयडीसीचा पसारा. प्लॉट मोठे, रस्ते लांब. स्टेशन हायवेवर असणार आणि गेट दोन-तीन किलोमीटर आत. तिथे फीडर बस नसेल तर वरचा हिशोब आहे तसाच राहतो.

एक गोष्ट मात्र या मार्गाच्या बाजूने आहे आणि ती सहसा कोणी बोलत नाही. बहुतेक शहरांत सकाळी सगळे एकाच दिशेला जातात, गाडी जाताना खचाखच आणि येताना रिकामी. इथे दोन्ही टोकांना कारखाने आहेत, त्यामुळे सकाळी पूर्वेलाही प्रवासी आणि पश्चिमेलाही. गाड्या दोन्ही बाजूंनी वापरल्या जातात. मार्ग आखणाऱ्याला असं क्वचित मिळतं.

शेंद्रा, बिडकीन आणि "उद्या येणार" वाली गर्दी

शेंद्र्याची गोष्ट वेगळी. ऑरिक हे दिल्ली–मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधलं नियोजित औद्योगिक शहर, शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकर. ऑरिक हॉलचं उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झालं. त्यातला मोठा हिस्सा शेंद्र्याचा नाही, बिडकीनचा आहे. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला, तोही बिडकीनसाठी. आता नकाशा उघडा. शेंद्रा जालना रोडवर पूर्वेला. बिडकीन पैठण रोडवर दक्षिणेला. म्हणजे वाळूज–शेंद्रा लाइन कितीही लांबवली तरी बिडकीनला जात नाही. उद्याचे रोजगार तिकडे असतील तर तिसरी शाखा लागणार.

आणि पैठण रोडवर खांब उभे करायचे तर आणखी एक पाहुणा तिथे आधीच आहे: जायकवाडीहून शहराला पाणी आणणारी अडीच मीटर व्यासाची नवी जलवाहिनी. खांबाचा पाया आणि एवढी पाइपलाइन एकाच पट्ट्यात बसवणं ही डोकेदुखी असते. "आधी पाणी की आधी मेट्रो" हा वाद त्यामुळे नुसता भावनेचा राहत नाही, दोन्ही गोष्टी एकाच रस्त्याची जागा मागतात.

"लाइन आधी टाका, वस्ती मागून येते" असं म्हणणारेही आहेत. ते अगदीच चूक नाहीत. जगात बऱ्याच ठिकाणी स्टेशनजवळ जास्त मजले बांधायची परवानगी देऊन शहर लाइनभोवती वाढवलं गेलं. पण ते व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि तोपर्यंत अर्धी रिकामी गाडी चालवायचा तोटा कोणाला तरी भरावा लागतो. नागपूरचं उदाहरण जवळचं आहे. तिथे पहिल्या टप्प्यातच सुमारे ३८ किलोमीटरचं जाळं झालं, मिहानसारख्या वाढत्या भागापर्यंत. प्रवासी रोजचे लाखाच्या आसपास. मुंबईची पहिली लाइन, वर्सोवा ते घाटकोपर, फक्त ११.४ किलोमीटरची, आणि तिच्यावर रोज चार लाखांहून जास्त लोक. मुंबईची गर्दी वेगळी हे मान्य. तरी त्या छोट्या लाइनची खरी ताकद ही, की ती अंधेरी आणि घाटकोपर अशा दोन गच्च भरलेल्या रेल्वे स्टेशनांना आडवी जोडते.

मधला जालना रोड: सोपा दिसतो, आहे का?

नगर नाका, बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको बसस्टँड, मुकुंदवाडी, चिकलठाणा. गर्दीचा आकडा कुठे भरणार असेल तर याच पट्ट्यात. कोर्ट, ऑफिसं, दवाखाने, क्लासेस, दुकानं, विमानतळ सगळं या रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास.

अडचण वर आहे. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको इथे आधीच उड्डाणपूल आहेत. नव्या डबल डेकरला त्यांच्या वरून जावं लागेल, बाजूने जावं लागेल, किंवा ते पाडावे लागतील. "पाडतात का कधी?" पाडतात. पुण्यात विद्यापीठ चौकातले पूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडले, आणि मग त्या चौकाने पुढची काही वर्षं काय सोसलं ते पुण्यात शिकणाऱ्या कोणालाही विचारा. डबल डेकर तंत्र म्हणून चांगलं चालतं, नागपुरात वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा असा पूल आहे आणि त्याची गिनीज रेकॉर्डमध्ये नोंद आहे. पण पुलांवर पूल चढत गेले की स्टेशन तिसऱ्या मजल्यावर जातं. लिफ्ट बंद पडली की आजी-आजोबांची मेट्रो संपली. चिकलठाण्याला विमानतळामुळे बांधकामाच्या उंचीवरही मर्यादा येतात.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची वाटते. जालना रोड शहराच्या मधून जातो, पण शहरातल्या ज्या जागी सगळ्यात जास्त अडलेले लोक जातात त्या या रस्त्यावर नाहीत. रेल्वे स्टेशन दक्षिणेला. मध्यवर्ती बसस्थानक उत्तरेला. घाटी हॉस्पिटल आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणखी उत्तरेला. बीड, परभणी, हिंगोलीहून घाटीत येणारा पेशंट एसटीने उतरतो. त्याला वाळूजलाही जायचं नसतं आणि शेंद्र्यालाही. नुसती पूर्व–पश्चिम लाइन त्याच्या काहीच कामाची नाही. म्हणून स्टेशनपासून उत्तरेकडे जाणारी आडवी लाइन, हर्सूलच्या दिशेने, ही मागणी मला वाळूज–शेंद्र्याच्या दोन्ही टोकांपेक्षा भक्कम वाटते.

जुन्या शहराखालून का नाही?

गुलमंडी, सिटी चौक, शहागंज. बाजार तिथे, गर्दी तिथे. पण मेट्रोची गाडी रिक्षासारखी वळत नाही. रुळांना साधारण १२० मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण देता येत नाही, आणि गुलमंडीच्या गल्ल्यांत तेवढी मोकळी जागाच नाही. मग उरतं भुयार.

इथे शहराचा इतिहास अक्षरशः पायाखाली आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली नहर-ए-अंबरी, डोंगराकडून शहरात पाणी आणणाऱ्या भुयारी नळांची व्यवस्था, आणि तिच्यानंतरच्या आणखी नहरी. मेट्रोचा बोगदा बराच खोल जातो, पुण्यात सिव्हिल कोर्टचं स्टेशन जमिनीखाली तीस मीटरहून जास्त खोल आहे. त्यामुळे बोगदा नहरींच्या खालून जाऊ शकतो. अडचण स्टेशनची. स्टेशन करायचं तर वरून खाली मोठा खड्डा खणावा लागतो, आणि तो खड्डा नहर, जुना दरवाजा किंवा कोणाचं तरी दुकान यातलं काहीतरी खातोच. शिवाय बीबी का मकबऱ्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट आहे. आणि वर सांगितलेला किलोमीटरला ५४० कोटींचा दर. जुन्या शहराला रुळांपेक्षा छोट्या इलेक्ट्रिक बस आणि चालण्यालायक फुटपाथ लवकर मिळू शकतात.

मग लाइन टोकापर्यंत का ओढतात?

राजकारण हे एक उत्तर झालं. पण एक कारण अगदी साधं, तांत्रिक आहे: डेपो. रात्री गाड्या उभ्या करायला, धुवायला, दुरुस्त करायला कित्येक एकर सलग जागा लागते. ती सेव्हन हिल्सला मिळणार नाही. ती शहराबाहेरच मिळते, म्हणून लाइनला निदान एका टोकाला बाहेर जावंच लागतं. पुण्यात कोथरूडचा डेपो जुन्या कचरा डेपोच्या जागेवर केलाय, असा जुगाड प्रत्येक शहरात जमत नाही. आपल्याकडे चिकलठाणा किंवा वाळूज यातल्या एका बाजूला डेपो धरला, तर पहिला टप्पा तिथपासून शहराच्या दुसऱ्या कडेपर्यंत एवढाच ठेवता येतो. दोन्ही टोकं एकदम बांधायची गरज नाही.

दिल्लीचा फिल्टर

शहराने काहीही ठरवलं तरी केंद्राचा पैसा हवा असेल तर मेट्रो धोरण २०१७ मधून जावं लागतं. त्यात आधी शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा, म्हणजे सीएमपी लागतो. मग बस, निओ, लाइट, मेट्रो या पर्यायांची तुलना. खासगी भागीदारी कुठे ना कुठे दाखवावी लागते. आणि समाजाला होणारा फायदा, म्हणजे वाचलेला वेळ, इंधन, अपघात हे सगळं पैशांत धरून परताव्याचा दर किमान १४ टक्के यायला हवा.

त्यातली २० लाख लोकसंख्येची अट सगळ्यात जास्त अडवते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने कोइंबतूर आणि मदुराईचे मेट्रो प्रस्ताव हीच अट दाखवून परत पाठवले, कारण २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरं त्या आकड्याच्या खाली होती. तामिळनाडूने लगेच विचारलं, मग आग्रा आणि भोपाळला कशी दिली? प्रश्न रास्त होता. पण आपल्यासाठी मुद्दा असा: २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिकेची लोकसंख्या होती पावणेबारा लाख. कोइंबतूरपेक्षाही कमी. नवी जनगणना २०२७ ची आहे, तिच्यात आकडा वाढून येईल, पण वीस लाखांचा पल्ला मोठा आहे. म्हणून रुळांच्या मेट्रोपेक्षा निओसारखा पर्याय किंवा राखीव लेनची बस या शहराच्या जास्त जवळची वाटते. जालना रोडवर सिटी बसला स्वतःची लेन आणि पाच मिनिटांची वारंवारता देऊन बघा, खरी मागणी किती आहे हे वर्षभरात तिकिटांच्या डेटातूनच कळेल. स्मार्ट सिटीच्या बस २०१९ पासून धावतायत, सुरुवात नव्याने करावी लागणार नाही.

फोन हातात आहे, तर हे करून बघा

मोंढा नाक्याला सकाळी साडेनऊला एका सुरक्षित कोपऱ्यात उभे राहा, स्टॉपवॉच लावा आणि पंधरा मिनिटं एकाच दिशेच्या गाड्या मोजा. बाइक, रिक्षा, कार, बस वेगवेगळ्या. बाइकला दीड माणूस, कारला दोन, रिक्षाला तीन, बसला डोळ्यांनी दिसतील तेवढे. बेरीज गुणिले चार. रस्त्यावरून तासाला एका दिशेने जाणाऱ्या माणसांचा कच्चा आकडा हातात येईल. त्यातले सगळे मेट्रोत बसणार नाहीत. पाचातला एक बसला तरी चांगलं म्हणायचं. तेवढा भाग काढा आणि ८,००० शी तुलना करा.

दुसरं, नकाशाच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या घरापासून जवळच्या संभाव्य स्टेशनपर्यंत 'चालत' हा पर्याय टाका. दहा मिनिटांच्या वर गेलं तर तुम्ही त्या स्टेशनचे हमखास प्रवासी नाही, फीडर बस आली तरच आहात. असं पाच मित्रांच्या घरांसाठी करा, स्टेशन दोनशे मीटर इकडे-तिकडे सरकवलं तर काय फरक पडतो ते दिसेल.

हे मुद्दे मांडायची वेळ काम सुरू झाल्यावर नसते, आराखडा चर्चेत असताना असते. स्वारगेट–कात्रज मार्गावर मुळात तीनच स्टेशनं होती. मधल्या भागातल्या लोकांनी मागणी लावून धरली आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन वाढवली. खर्च वाढला, पण बोगदा खणून झाल्यावर हे जवळपास अशक्यच असतं.

आणि कोणत्याही मेट्रोचा सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, हाती लागला तर शेकडो पानं वाचत बसू नका. प्रवासी अंदाजाच्या प्रकरणात एक तक्ता असतो, त्यात प्रत्येक दोन स्टेशनांच्या मधला पीएचपीडीटी दिलेला असतो, सुरुवातीच्या वर्षाचा आणि पुढच्या दहा-वीस वर्षांचा. आपल्या लाइनच्या तक्त्यात दोन ओळींवर बोट ठेवा: नगर नाक्यानंतर वाळूजकडे जाणारी, आणि चिकलठाण्यानंतर शेंद्र्याकडे जाणारी. क्रांती चौकाच्या ओळीशी त्यांची तुलना करा. तिथे आकडा निम्म्याहून खाली घसरला असेल, तर ते टोक पहिल्याच टप्प्यात का घेतलंय हे विचारायला तुमच्याकडे त्यांचाच कागद आहे.